वाटाणा : शेताचा नव्हे, परसाचा

पिंपळगाव राजातल्या घरांमागे वाटाणा लावा, असे सांगणारी पुस्तिका हाती आल्यावर वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो ‘कशाला?’ हाच, आणि तो रास्त आहे. खामगाव तालुक्यातले हे गाव कापसाच्या मुलखातले. पावसाळ्यात कपाशी, सोयाबीन, तूर. हिवाळ्यात हरभरा आणि विहिरीला पाणी असेल तर गहू-कांदा, असा इथल्या शेतीचा हिशेब वर्षानुवर्षे बसलेला आहे. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तोही कापसाच्या गाठी न्यायला. या हिशेबात वाटाण्याला जागा नाही. तो थंडीचा भुकेला, तोडणीला वेळखाऊ, तोडल्यावर लवकर उतरणारा, आणि डोंगराकडच्या शिवारात रोही-रानडुकरांच्या तोंडी सहज सापडणारा. शेतकऱ्याने त्याच्या वाटेला न जाणे हा आळस नसून शहाणपण आहे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या कारणांनी वाटाणा इथल्या शेतात बसत नाही, नेमक्या त्याच कारणांनी तो इथल्या परसात बसतो. त्याला एकर नको, लक्ष हवे. मजूर नकोत, रोजची दहा मिनिटे हवीत. गाडीभाडे नको, वाफ्यापासून चुलीपर्यंतचे अंतर कमी हवे. या तिन्ही गोष्टी शेताला महाग पडतात आणि घराला फुकट मिळतात. पुढच्या पानांत पेरणीपासून बियाणे राखण्यापर्यंतची कृती सविस्तर दिली आहे. त्या कृतीमागचा विचार मांडणे हे या प्रस्तावनेचे काम.

पहिला आक्षेप हवामानाचा. वऱ्हाड म्हणजे ऊन, आणि वाटाणा म्हणजे थंड प्रदेशाचे पीक, ही समजूत सगळीकडे आहे. तिच्यातला खरा भाग आधी मान्य करू. वाटाण्याचा वेल १० ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखात वाढतो. दुपारचा पारा ३० अंशांच्या वर राहू लागला की फुले गळतात, परागकण निकामी होऊ लागतात, शेंग धरली तरी तिच्यात दाणे कमी भरतात. म्हणून जिथे जिथे वाटाणा होतो, तिथे तिथे तो थंडीचा माग काढत गेलेला दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरच्या पठारावर सासवडकडचे शेतकरी तो पावसाळ्यातल्या गारव्यात घेतात. हिमाचलात तो उन्हाळ्यात उंच डोंगरउतारांवर होतो आणि मैदानी बाजारात बिगरहंगामी माल म्हणून उतरतो. मध्य प्रदेशातल्या जबलपूरकडे तो कडक हिवाळ्यावर पोसला जातो, इतका की तिथल्या जिल्ह्याचे ओळखीचे उत्पादन म्हणून मटारच निवडला गेला. कोणी थंडी उंचीतून मिळवतो, कोणी महिन्यातून. बुलढाण्याचे घाटावरचे पठार सोडले, तर घाटाखालच्या आपल्या पट्ट्याला उंची नाही. आपल्याकडे आहेत ते फक्त महिने, आणि तेही मोजके.

पण ते महिने आहेत, याचा पुरावा गावाच्या शिवारातच उभा आहे. हरभरा हेही थंडीतच येणारे कडधान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला हरभरा इथे फुलतो, घाटे धरतो आणि घराघरांत पोचतो. हरभरा वाटाण्यापेक्षा काटक आहे, ऊन आणि पाण्याचा ताण जास्त सोसतो, हे खरे. तरी त्याच्या फुलाला लागणारा गारवा या शिवारात दर वर्षी मिळतो, आणि त्याच दिवसांत वाटाण्यालाही थोडी जागा निघते. वाटाणा महाराष्ट्राला नवा नाही, हे तर त्याहून जुन्या पुराव्याने सिद्ध होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव इथे सुमारे ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी जी शेतकऱ्यांची वस्ती होती, तिच्या उत्खननात गहू, जव, कडधान्ये यांच्या बरोबरीने वाटाण्याचे दाणेही सापडले. दख्खनच्या कोरड्या, उष्ण पठारावर राहणाऱ्या त्या लोकांनी हिवाळ्याचा उपयोग ओळखला होता. तेव्हा ‘आमच्याकडे वाटाणा होत नाही’ हे वाक्य दुरुस्त करून घ्यायला हवे : आमच्याकडे वाटाणा चुकीच्या तारखेला होत नाही.

तारीख हा या पुस्तिकेचा कणा आहे, म्हणून तिचा हिशेब इथेच मांडतो. लवकर येणाऱ्या बुटक्या वाणांत ‘अर्केल’ हा सर्वांत परिचित. पेरल्यापासून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांत तो फुलावर येतो आणि पंचावन्न ते साठ दिवसांत पहिली तोडणी देतो. १ नोव्हेंबरला पेरला तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फुले, वर्ष बदलताना पहिल्या शेंगा आणि जानेवारीअखेर शेवटची तोडणी, असा तो चालतो. म्हणजे फुलण्याचा आणि दाणा भरण्याचा सगळा काळ वर्षातल्या सर्वांत थंड आठवड्यांत येतो. हेच बियाणे १५ डिसेंबरला टाकले तर फुले जानेवारीच्या शेवटी लागतात आणि दाणा भरायला फेब्रुवारीचा उत्तरार्ध उजाडतो. तोवर दुपारचे ऊन वाटाण्याची मर्यादा ओलांडून गेलेले असते. बियाणे तेच, माती तीच, मेहनत तीच. दीड महिन्याच्या उशिराने पीक हातचे जाते. उलट फार घाईही नडते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस ओसरलेला असतो, पण जमीन तापलेली आणि आत ओलसर असते; अशा मातीत बी कुजते आणि उगवलेल्या रोपांना मर लागते. म्हणून पेरणीची खिडकी २० ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर एवढीच धरावी. दिवाळी तिथीने मागेपुढे सरकते, त्यामुळे ‘दिवाळीला पेरा’ हा सल्ला एखाद्या वर्षी फसवू शकतो. त्यापेक्षा पहाटे पांघरूण ओढावेसे वाटू लागले की पेरावे, हा ठोकताळा जास्त भरवशाचा. आणि सगळे बी एकाच दिवशी न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत पेरावे, म्हणजे एखादी उष्ण लाट आली तरी सगळे पीक तिच्यात सापडत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी, कारण तिच्यावरच पुढचा मुद्दा उभा आहे. सर्वांत थंड महिन्यातही घाटाखालच्या आपल्या पट्ट्यात दुपारचा पारा बहुतेक दिवस २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. रात्री वाटाण्याच्या मनासारख्या, दुपारी त्याच्या सहनशक्तीच्या काठावर, असे हे हवामान आहे. जबलपूरच्या शेताशी उत्पादनात बरोबरी करण्याची आशा इथे कोणी धरू नये. शेतकऱ्याने या काठावर पैसा लावणे म्हणूनच धोक्याचे. पण परसाला एक सोय आहे जी उघड्या शेताला नाही : तिथे सावली हलवता येते. घराच्या भिंतीच्या पूर्वेला वाफा केला तर सकाळचे कोवळे ऊन पुरेपूर मिळते आणि तीननंतरची झळ भिंत अडवते. पश्चिमेला शेवगा किंवा पपई असेल तर तेही हेच काम करतात. वाफ्यावर गवताचे, सोयाबीनच्या कुटाराचे किंवा वाळल्या पाल्याचे दोन बोटे आच्छादन घातले की मुळांभोवतीची माती गार राहते. दुपारी वाऱ्याला आड म्हणून जुने गोणपाट बांधणे हे शेतात हास्यास्पद ठरेल. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला ते सहज शक्य आहे. काठावरच्या पिकाला दोन-तीन अंशांचा दिलासाच पुरतो, आणि तेवढा दिलासा देणे घराच्या हातात असते.

दुसरा आक्षेप मातीचा. आपली काळी माती चिकण, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी आणि बहुधा किंचित अल्कधर्मी. वाटाण्याला निचऱ्याची, भुसभुशीत, उदासीन किंवा थोडी आम्लधर्मी माती आवडते. शेतात ही तफावत दूर करणे खर्चाचे. परसात मात्र ती एका सकाळचे काम आहे. जमिनीच्या वर वीतभर उंच वाफा करून त्यात काळी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी गाळवट रेती मिसळली की मुळांना हवा मिळते आणि पाणी तुंबत नाही. ज्यांच्याकडे अंगणच फरशीचे आहे त्यांना वीतभर खोलीचे प्लास्टिकचे क्रेट किंवा तेलाचे जुने डबेही चालतात. बुटक्या वाणांची मुळे तेवढ्यात भागवून घेतात. बी दोन ते तीन बोटे अंतरावर, बोटभर खोल टाकावे आणि दोन ओळींत एक फूट सोडावे. दहा चौरस मीटरला साधारण शंभर ग्रॅम बी पुरते.

मातीच्या बाबतीत एक गैरसमज मात्र जाणत्या शेतकऱ्यांतही आढळतो. हरभऱ्याच्या जमिनीत कडधान्याचे जिवाणू आधीच आहेत, मग वाटाण्याला वेगळे कशाला, असे म्हटले जाते. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधणारे हे जिवाणू सगळ्या कडधान्यांना सारखे चालत नाहीत. हरभऱ्याच्या गाठीतला जिवाणू वाटाण्याच्या उपयोगाचा नाही. वाटाण्याला चालणारा रायझोबियम मसूर आणि लाख या त्याच्या भाऊबंदांनाही चालतो, पण ती पिके आपल्या शिवारात फारशी नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी तरी वाटाण्यासाठीचेच जिवाणू खत मागून घ्यावे. अकोल्याला १९६९ पासून असलेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. पाकीट घेताना त्यावर पिकाचे नाव तपासावे, एवढीच काळजी. शंभर ग्रॅम बियाण्याला अर्धा चमचा खत गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. महिनाभराने एखादे रोप हलक्या हाताने उपटून पाहावे. गाठ चिरल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर काम सुरू आहे. या गाठींबद्दल अतिशयोक्तीही होते, ती टाळू. वाटाण्याने बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणे आपण खातो. जमिनीला काही मिळावे असे वाटत असेल तर पीक संपल्यावर वेल उपटू नयेत. जमिनीलगत कापावेत, मुळे मातीत राहू द्यावीत आणि वेलांचे तिथेच आच्छादन करावे.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि बुलढाणा जिल्ह्यात तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पण इथेही मोजमाप उपयोगी पडते. वाटाण्याला संपूर्ण हंगामात साधारण २५० ते ३०० मिलिमीटर पाणी लागते. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला त्याचे होतात अडीच ते तीन हजार लिटर, तेही तीन महिन्यांत मिळून. दिवसाला पडते सुमारे तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. भाज्या-धान्य धुतलेले पाणी आणि भांड्यांचे साबण नसलेले पहिले पाणी जमवले तरी यातला बराच भाग निघतो. त्यातही रोज शिंपडण्याची गरज नाही. काळी माती ओल धरून ठेवते. उगवणीनंतर एक, फुलांच्या सुरुवातीला एक आणि शेंगा भरताना एक अशा पाणी न चुकवण्याच्या वेळा पाळल्या आणि मधल्या काळात माती बोटभर खाली कोरडी वाटली तरच पाणी दिले, तर पीक निभावते. जास्त पाणी हा कमी पाण्यापेक्षा मोठा शत्रू आहे. टंचाईच्या वर्षी वाफा अर्धा करावा. पण अर्ध्या वाफ्याला पुरे पाणी द्यावे.

चौथा आक्षेप सर्वांत चोख आहे, आणि तो पैशाचा. ज्या जानेवारीत आपल्या परसात शेंगा भरतात, त्याच जानेवारीत बाजारात वाटाण्याची रेलचेल होऊन भाव वर्षातल्या तळाला जातात. मग ही खटपट का? हिशेब केला तर असा दिसतो. सुधारित वाणांचे शेतातले उत्पादन हेक्टरी आठ-दहा टन हिरव्या शेंगांचे असते; म्हणजे दहा चौरस मीटरला आठ-दहा किलो. आपल्या हवामानात त्याच्या निम्मे-पाऊण धरावे, आणि शेंगांच्या वजनात दाणे निम्म्याहून थोडे कमी निघतात हेही लक्षात ठेवावे. चार माणसांच्या घराला सात-आठ वेळा भाजी होईल एवढेच हे पीक. रुपयांत मोजले तर परसातला वाटाणा हरतो, आणि या पुस्तिकेत कुठेही त्याला जिंकवण्याचा प्रयत्न केलेला नाही. परंतु भाव ज्या वस्तूचा, ती वस्तूच दोन्हीकडे एक नाही. बाजारातली शेंग आणि वाफ्यातली शेंग यांत फरक आहे तो चवीच्या गप्पांचा नाही, तर रसायनाचा आहे.

गोड वाटाण्याचे बी वाळल्यावर सुरकुतते, किराणा दुकानातल्या पांढऱ्या वाटाण्याचे गोल राहते. आजच्या झेक देशातल्या ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ज्या गुणांचा पाठपुरावा केला, त्यांत गोल आणि सुरकुतलेले बी हा एक होता. १८६६ साली छापून आलेल्या त्याच्या निबंधातून पुढे आनुवंशिकीचे शास्त्र उभे राहिले. सुरकुत्यांचे कारण मात्र १९९० साली उलगडले : सुरकुतणाऱ्या दाण्यात साखरेचा स्टार्च बनवणारे एक विकर निकामी असते, त्यामुळे त्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते. पण जास्त म्हणजे कायम नव्हे. शेंग वेलावरून तुटल्या क्षणापासून दाणा श्वासोच्छ्वासात आपली साखर खर्च करतो आणि उरलेलीतली काही स्टार्चमध्ये घालवतो. उष्णता जितकी जास्त तितकी ही उतरण वेगाने होते. थंड साखळीशिवाय पोत्यात भरून शेकडो किलोमीटर आलेली शेंग दिसायला हिरवीगार असली तरी तिचा गोडवा वाटेतच संपलेला असतो. गाडी लवकर पोचली तरी ही वजाबाकी भरून निघत नाही. वाफ्यातून तोडून तासाभरात शिजणारी शेंग मिळवण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. वाटाण्याच्या बाबतीत ताजेपणा हा शौक नसून त्या भाजीचा मूळ गुणच आहे, आणि तो गुण फक्त परस देऊ शकतो.

म्हणूनच पुस्तिकेतले तोडणीचे प्रकरण पेरणीइतकेच मोठे आहे. शेंग पूर्ण लांबीची झाली आणि आत दाणे हाताला लागू लागले, पण सालीवर अजून तकाकी आहे, हा तोडणीचा क्षण. साल निस्तेज झाली, तिच्यावर जाळी दिसू लागली, दाणे एकमेकांना चेपून चौकोनी झाले की उशीर झाला. तोडणी सकाळी दव उतरल्यावर, ऊन चढण्याआधी करावी. एका हाताने वेल धरून दुसऱ्याने शेंग खुडावी. वाटाण्याची मुळे उथळ असतात आणि ओढाताणीने सगळे झाड ढिले होते. दर दोन-तीन दिवसांनी वाफा पाहावा, कारण वेलावर एखादी शेंग जून होऊ दिली की झाड आपले काम झाले असे समजून फुले धरणे आवरते घेते. शेताला हे मजुरीने परवडत नाही, म्हणून तिथे दोन-तीन मोठ्या तोडण्यांत काम उरकतात आणि कोवळी-जून सगळी शेंग एकत्र येते. घरात भाजीपुरती शेंग रोज तोडता येते. जास्त झालेच तर दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढावेत आणि निथळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. टरफले गोठ्यात जातात. काही वाया जात नाही.

कोणी म्हणेल, हिरव्या दाण्याची हौस वऱ्हाडात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या सोल्यांनी भागते, वांग्यात सोले पडतातच. मग वाटाणा हवाच कशाला? सोल्यांची जागा वाटाण्याने घ्यावी असे इथे कोणी सुचवत नाही. पण सोल्यांसाठी शेत लागते, आणि गावात आता शेत नसलेली घरे कमी नाहीत. ज्यांच्याकडे फक्त परस आहे त्यांना तुरीचे झाड जागा आणि सहा-सात महिने अडवते. वाटाणा तीन महिन्यांत वाफा मोकळा करतो, आणि उन्हाळी मेथी-कोथिंबीर, काकडी यांना जागा देतो. रोही आणि रानडुकरे यांचा प्रश्नही परसात सौम्य होतो. ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूच्या शिवारांना रात्रीची राखण किती करावी लागते हे इथे सांगायला नको. पाठीमागच्या भिंतीच्या आतला वाफा त्या संकटातून सुटतो, उंदीर आणि राघू मात्र उरतात. कीड-रोगांचेही तसेच. जवळच्या तुरी-हरभऱ्यातून घाटेअळीचे पतंग येणारच. वाफा लहान असेल तर अळ्या हाताने वेचता येतात. थंड-कोरड्या हवेत पानांवर पिठासारखी भुरी येते, आणि अर्केल तिला लवकर बळी पडतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचा ‘अर्का अजित’ भुरी आणि तांबेरा या दोन्ही रोगांना दाद देत नाही, पण तो अर्केलपेक्षा उशिरा येतो. म्हणून पहिला हप्ता त्याचा आणि दुसरा अर्केलचा असा क्रम पुस्तिकेत सुचवला आहे. वेलांना आधार द्यायला पऱ्हाट्या हाताशी दिसतात, तरी त्या वापरू नयेत. साठवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी आसरा धरते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. त्या हंगाम संपताच नष्ट करा असे कृषी खाते सांगते ते याचसाठी. मागच्या वर्षीच्या तुराट्या या कामाला उत्तम.

शेवटचा मुद्दा बियाण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दूरवर जाणारा. वाटाण्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळून जाते. परक्या पराग‍कणाला तिथे क्वचितच वाव मिळतो. मेंडेलने हे झाड निवडले त्यामागे हे एक मोठे कारण होते, आणि घरच्या बियाण्यालाही हेच कारण उपयोगी पडते. शेजारी दुसरा वाण असला तरी आपल्या वाणाची शुद्धता बव्हंशी टिकते. अर्केल, अर्का अजित हे संकरित वाण नाहीत, त्यामुळे त्यांचे राखलेले बी पुढच्या वर्षी तसेच उतरते. उरल्यासुरल्या शेवटच्या शेंगांचे बी धरण्याची चूक मात्र करू नये. सुरुवातीलाच निरोगी, लवकर फुललेली आणि भरपूर शेंगा धरलेली पाच-सात झाडे दोरा बांधून राखावीत, त्यांची एकही शेंग खाऊ नये, आणि वेलावर ती खडखडीत वाळू द्यावी. दाणे पुन्हा उन्हात सुकवून, हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवले तर दोन-तीन वर्षे उगवण टिकते. दर वर्षी उन्हाला तोंड देऊन लवकर पिकलेल्या झाडांचेच बी निवडत गेले, तर काही वर्षांत या गावच्या हवेला सरावलेला वाटाणा तयार होण्याची शक्यता वाढते. विकतचे पाकीट हे काम करू शकत नाही, कारण ते दुसऱ्या हवेत तयार झालेले असते. विकतच्या पाकिटातले रंगवलेले बी औषध लावलेले असते, ते मुलांच्या हाती आणि खाण्यात जाऊ देऊ नये, एवढी सूचना इथेच करून ठेवतो.

पुस्तिकेची रचना या क्रमानेच आहे : आधी तारखा आणि जागा, मग माती-बी-जिवाणू, पाणी, आधार, कीड-रोग, तोडणी, साठवण आणि शेवटी बियाणे. ती खामगाव-मोताळा-नांदुऱ्याच्या घाटाखालच्या पट्ट्यासाठी लिहिलेली आहे. बुलढाण्याच्या किंवा चिखलीच्या पठारावरच्या वाचकाने पेरणीची मुदत थोडी सैल धरली तरी चालेल, पूर्णाकाठच्या अधिक उष्ण गावांतल्या वाचकाने ती काटेकोर पाळावी. विक्रीसाठी वाटाणा लावू पाहणाऱ्याने यावर विसंबू नये. त्याच्यासाठीचा सल्ला वेगळा, आणि बहुधा ‘लावू नका’ असाच असेल. घरासाठी लावणाऱ्याला मात्र एक विनंती आहे. पहिल्या वर्षी चार चौरस मीटरपेक्षा मोठा वाफा करू नका. पेरणीची, पहिल्या फुलाची आणि पहिल्या तोडणीची तारीख दाराआडच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, आणि राखलेल्या बियाण्यातली मूठभर शेजारच्या घरी द्या. एका घराचा एक हंगाम फारसे सांगत नाही. वीस घरांच्या तीन वर्षांच्या तारखा जमल्या, तर पिंपळगाव राजाला वाटाणा कधी पेरावा याचे उत्तर या पुस्तिकेपेक्षा त्या दिनदर्शिका अधिक खात्रीने देतील.